रुमालाखालचे गोल

हरलेल्या सामन्यातून आमच्या उस्तादांइतका नफा काढणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि हे सांगणारा मी जन्मभर जालन्याच्या मोंढ्यात माल पारखत बसलेला माणूस आहे, म्हणजे मला नफा कशाला म्हणतात ते कळतं. औरंगाबादेत नऊ गोल खाऊन आमचा कॉलेजचा हॉकी संघ एस.टी.नं परत येत होता. अकरा जण माना खाली घालून बसलेलो. कुणाचं नाक फुटलेलं, कुणाची काठी. उस्ताद तेवढे पुढच्या सीटवर गुडघे टेकून, तोंड आमच्याकडे करून बसलेले, चेहऱ्यावर लग्नाच्या वरातीचा आनंद. म्हणाले, "पोरांनो, मागच्या साली हितंच आपुन अकरा खाल्ले होते. यंदा नऊ. दो कम. ह्या चालीनं पाच साल में बराबरी." मी म्हणालो, "उस्ताद, पाच वर्षांत आम्ही सगळे पास होऊन घरी गेलेलो असू." ते म्हणाले, "तेरा काय भरवसा न्हाई, तू राहशील." बदनापूर येईपर्यंत बस हसत होती, कंडक्टरसुद्धा. मी सोडून.

उस्ताद हे कागदावर कुणी नव्हते. म्हणजे जिमखान्याचे शिपाई होते आणि कॉलेजची घंटा वाजवायचे. सत्तरनंतरची ती वर्षं, जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातलाच एक तालुका होता. खेळाचे म्हणून जे सर नेमले होते त्यांचा जीव कबड्डीत, हॉकीचं नाव काढलं की त्यांची कंबर धरायची. निजामाच्या राज्यात तरुणपणी उस्ताद पोलिसात होते आणि तिथं हॉकी खेळले होते, एवढ्या पुंजीवर त्यांनी आमचा संघ उभा केला होता. कोणत्या जागेवर खेळले ते सांगताना मात्र दरवेळी वेगळं. सोमवारी सेंटर-हाफ, गुरुवारी राइट-आउट. एकदा मी त्यांना पकडलं, तर शांतपणे म्हणाले, "जहां आदमी कम, वहां मैं." सामन्याच्या दिवशी शेवटच्या तासाची घंटा वीस मिनिटं आधी वाजायची. प्राध्यापक घड्याळाकडे बघायचे, मग खिडकीतून मैदानाकडे बघायचे, आणि पुस्तक मिटायचे.

त्यांच्या कमरेला पट्ट्यात एक खुरपं खोचलेलं असे. नवीन मुलाला वाटायचं, माणूस शेतातून थेट आलाय. पण आमचं मैदान अस्सल काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला चिकटून एकेक पाय पायलीभर व्हायचा, आणि दिवाळीनंतर जमीन अशी फाटायची की चेंडू पळता पळता गायब. मग खेळ थांबायचा, उस्ताद खुरपं घेऊन आत यायचे, मांडी घालून बसायचे आणि भुईमूग काढावा तसा चेंडू उकरून काढायचे. बाहेरून आलेले पंच हा प्रकार पाहून शिट्टी तोंडातच विसरायचे. त्यातली सगळ्यात मोठी भेग पूर्वेकडच्या गोलाच्या तोंडाशी होती. तिच्यात पाय जाऊन माझा घोटा दोनदा मुरगळला होता. मी उस्तादांशी त्या भेगेवरून इतका भांडलो की प्राचार्य खोलीबाहेर आले. उस्तादांचं एकच, "सगळं मैदान बुजवायला माती कुठून आणू? आन् तिला बुजवलं तर दुसरी फाटंल. तिची सवय झालीय, तिला राहू दे."

मोडक्या काठ्या दुरुस्त करणं हा त्यांचा दुसरा संसार. सरस, सुतळी आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. सरस शिजवायला ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली शेगडी वापरायचे, आणि त्या वासानं एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक ओळखायच्या क्षाराऐवजी वासाचीच चौकशी करत राहिले. काठीला करडईचं तेल चोळताना ते तिच्याशी बोलायचे. माझी काठी सगळ्यांत जुनी होती. मी नवी मागितली तर म्हणाले, "तुझा खर्चा कशाला? तुला फक्त आडवी धरायची हाय."

इथंच माझं खरं दुखणं. मला सेंटर-फॉरवर्ड व्हायचं होतं. मी टेंभुर्णीहून हातात एक पिशवी घेऊन जालन्यात आलेला मुलगा. सकाळी मोंढ्यात काट्यावर पोती चढवायची, दुपारी कॉलेज, संध्याकाळी मैदान. मला धावायचं होतं, गोल मारायचे होते, माझं नाव फळ्यावर यायला हवं होतं. पण उस्ताद खेळाडू निवडायचे ते मैदानावर नाही, बाजारात. लेफ्ट-आउटला त्यांनी एस.टी. स्टँडवर पाहिलं होतं. गाडी थांबायच्या आत हा खिडकीतून आत जाऊन बसलेला असायचा. सेंटर-हाफ बैलगाड्यांच्या गर्दीतून सायकल न उतरता न्यायचा. आणि मला त्यांनी पाहिलं मोंढ्यात, एका अडत्याशी वजनावरून भांडताना. अर्धा तास उभे राहिले म्हणे. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि गोलकीपरची पॅडं अंगावर टाकली.

"उस्ताद, मी फॉरवर्ड खेळून राह्यलो ना."

"न्हाई. कल देखा मैंने. तू कुणाला काही देत न्हाईस. गोल बी देणार न्हाईस."

तीन वर्षं मी त्या वाक्याखाली उभा होतो, आणि इतके गोल दिले की मोंढ्यात असा उदार माणूस कुणी पाहिला नसेल.

पण मला त्या जागी टिकवायची युक्ती त्यांना माझ्याकडूनच मिळाली होती. मोंढ्यात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे, चारचौघांत उभं राहून कुणाला पत्ता लागायचा नाही. उस्तादांना ते इतकं आवडलं की प्रत्येक सामन्याआधी ते मला कोपऱ्यात नेत, खांद्यावरचा चौकटीचा रुमाल आमच्या हातांवर टाकत आणि आज किती गोल खाणार याचा सौदा करत. त्यांची सुरुवात ठरलेली असे, बंद मूठ. बंद मूठ म्हणजे शून्य. मी पाचही बोटं दाबायचो. ते पुन्हा मूठ. मी चार. ते मान हलवायचे, आभाळाकडे बघायचे, अगदी पक्क्या दलालासारखे निघून जायचं नाटक करायचे आणि परत यायचे. शेवटी तीनवर सौदा ठरायचा आणि मी सात खायचो. मोंढ्यात असा शब्द फिरवला असता तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. उस्तादांनी एकदाही तो शब्द काढला नाही. पुढच्या सामन्याला पुन्हा रुमाल, पुन्हा बंद मूठ.

माझ्या शेवटच्या वर्षी तर कहर झाला. त्या हंगामात आम्ही खेळलो तेवढे सगळे हरलो. पावसात हरलो, उन्हात हरलो, परभणीला तर समोरचा संघ दोन माणसं कमी घेऊन आला होता तरी हरलो. उस्ताद प्रत्येक पराभवातून काहीतरी काढतच होते: "आज पहिली दहा मिनटं एक बी गोल न्हाई." पण प्राचार्यांची सहनशक्ती संपली. त्यांनी उस्तादांना बोलावून सांगितलं, शेवटचा सामना घरच्या मैदानावर आहे. तोही हरलात तर काठ्या कुलपात आणि तुम्ही फक्त घंटा वाजवा. उस्ताद बाहेर आले तेव्हा मी व्हरांड्यात होतो. त्या माणसाचा चेहरा उतरलेला मी तेवढाच पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हरलो तर म्हणाले. बराबरी झाली तर काही बोलले न्हाईत." आणि डोळे पुन्हा चमकायला लागले.

सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावर जायला सगळ्यांना बंदी होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर पश्चिमेकडच्या गोलासमोरचा अर्धगोल, आम्ही ज्याला डी म्हणतो तो, आरशासारखा चमकत होता. खळ्याचे दिवस होते ते. उस्तादांनी माती भिजवून, बैल फिरवून, चोपून, वर शेणानं सारवून अख्खा डी खळ्यासारखा तयार केला होता. त्यांचा विचार असा, की पहिल्या डावात आपण तो गोल राखायचा. भेग नाही, खड्डा नाही, चेंडू सरळ येणार, कीपरला दिसणार. दुसऱ्या गोलापर्यंत बैल पोचले नव्हते, मालकानं मळणीला परत नेले होते. आमच्या फुलबॅकांपैकी एकानं गोलाच्या खांबाला हळद-कुंकू लावून नारळसुद्धा फोडला होता. मी म्हणालो, झकास. रुमालाखाली त्या दिवशी मी पहिल्यांदा एका बोटावर उतरलो. उस्ताद मुठीवर अडून होते. शेवटी एकावर ठरलं.

आणि आम्ही सगळे शहाणे एक गोष्ट विसरलो.

सामना सुरू झाला. दोन मिनिटांत समोरच्यांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला. आमचे दोन्ही फुलबॅक भोकरदनकडचे चुलतभाऊ, रेड्यासारखे तगडे, त्याच्या मागे धडधडत आले, डीच्या कडेपर्यंत आले आणि थांबले. दोघेही. एकाच वेळी. खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. जन्मापासून ज्यांनी खळ्यात चप्पल घालून पाऊल टाकलं नाही त्यांचे पाय ते. डोकं काय करणार. मी ओरडलो, "अरे येड्यांनो, बूट काय काढताय," आणि खाली पाहिलं तर माझे कॅनव्हासचे बूट गोलाच्या खांबाशी नीट जोडीनं ठेवलेले. मी पॅडं बांधून अनवाणी उभा होतो. कधी काढले, देव जाणे. चेंडू माझ्या अंगठ्यावरून आत गेला.

धाकटा चुलतभाऊ एक बूट हातात घेऊन माझ्याकडे आला. "दादा, सारवलेलं व्हतं ना," एवढंच म्हणाला. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. मध्यंतरात प्राचार्य आम्हाला धीर द्यायला आले, तेही चपला कडेला काढून आले.

आमचा सेंटर-फॉरवर्ड खरात तेवढा कुणावरही रागावला नव्हता. जालन्याच्या एका मास्तरांचा मुलगा. त्याच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. गूळ-शेंगदाणे खाता खाता म्हणाला, "तुम्ही काढा बूट. माझ्या आज्याला खळ्याच्या बाहेर उभं करायचे, पसाभर जोंधळ्यासाठी. मी बुटासकट जाणार." उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या चमकत्या डीकडे पाहिलं, आणि हातातला गूळ त्याच्या हातावर ठेवला. "जा राजा. दुसऱ्या डावात ते खळं त्यांच्या राखणीत हाय. आपण लुटायचं."

बाजू बदलल्या. आता ते सारवलेला गोल राखत होते आणि मी पूर्वेला, माझ्या त्या वैरीण भेगेपाशी. उस्तादांनी काय केलं, तर मध्यंतरात धूळ बसावी म्हणून डीवर सडा टाकला. मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, विचारलं तर म्हणाले, "मेहमान हैं, धूळ कशाला खातील." ओल्या सारवणावर त्यांचे फुलबॅक बर्फावर असावेत तसे चालायला लागले. आमचे पोरं कडेवरून आत जायला अजून बिचकत होते, आणि खरात मधूनच घुसला. बूट घालून. पहिल्या पावलाला घसरला, दुसऱ्याला बसला, आणि बसल्या बसल्या चेंडूसकट पुढं निघाला. एक माणूस चुकवला, दुसरा स्वतःच आडवा झाला, आणि खरात पाठीवर पडता पडता काठीनं चेंडू गोलात सारून स्वतःही जाळीत गेला. एकास एक. उभा राहिला तेव्हा मागून सगळा शेणानं माखलेला, आणि उस्ताद मैदानात शिरून त्याला मिठी मारत होते. पंचांनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

आता पुढचं ऐका, कारण यासाठीच मी हे सगळं लिहितो आहे. सामना संपायला पाच-सहा मिनिटं राहिली असतील. त्यांच्या फुलबॅकनं घसरता घसरता चेंडूवर लोळण घेतली आणि पंचांनी आम्हाला पेनल्टी स्ट्रोक दिला. समोर फक्त कीपर. घातला की जिंकलो. उस्तादांच्या आयुष्यातला आमच्यासोबतचा पहिला विजय. तीन वर्षं सगळे घरी गेल्यावर मी एकटा तो स्ट्रोक मारायचा सराव केला होता. कीपर कुठं झेप घेतो हे कीपरला कळणार नाही तर कुणाला? मी गोल सोडला आणि पॅडांसकट धावत मैदानाच्या मध्यापर्यंत आलो.

"उस्ताद, मी मारतो."

"तू गोल में जा."

"अहो, मला माहीत हाय तो कुठं पडतो ते."

"खरात मारंल. तू जा, मैं बोला ना."

मी गेलो. खरातनं मारला. त्यांच्या कीपरनं पायानं अडवला. त्या क्षणी मला जो राग आला तो उतरायच्या आत चेंडू माझ्या दिशेनं निघाला होता. त्यांचा फॉरवर्ड एकटा. मी पुढं झेपावलो, त्यानं मला चुकवलं, चेंडू हळू ढकलला आणि हात वर केले. मी जमिनीवर पडलेला, मागं बघतोय. चेंडू जातोय, जातोय, रेषेच्या वीतभर अलीकडे आला आणि नाहीसा झाला. त्या भेगेत. त्यांचा फॉरवर्ड काठीनं उकरायला लागला, मी तिच्यावर आडवा पडलो, दोघं मातीत, आणि पंचांची लांबलचक शिट्टी झाली.

बराबरी. त्या साली एकच सामना आम्ही हरलो नाही, आणि रुमालाखालचा सौदा पाळला गेला तोही तो एकच. उस्ताद खुरपं घेऊन सावकाश आले, मांडी घालून बसले, चेंडू उकरून काढला आणि मला दाखवला. "बोल, बुजवू का तिला?" मी पाठ फिरवून पॅडं सोडायला लागलो. प्राचार्यांनी शब्द पाळला, काठ्या बाहेर राहिल्या. मैदानाच्या कडेला सगळे ऊस खात नाचत होते, उस्ताद पुढच्या सालची जागावाटणी करून राहिले होते, "अगली साल" हेच चाललं होतं, आणि मी मात्र मनाशी एकच गोष्ट घोळवत होतो, मला मारू द्यायला हवा होता.

मी शिकलो, मोंढ्यात टिकलो, पुढं स्वतःची अडत टाकली. माझ्याशी भाव करताना लोक आधी पाणी मागतात. पण तो स्ट्रोक माझ्या डोक्यातून गेला नाही. वाटेत उस्ताद दिसले की नमस्कार करायचो, विचारायचं राहून जायचं. हॉकी आमच्यानंतर काही वर्षं चालली, मग बंद पडली. मैदानावर कॉलेजची नवीन इमारत उभी राहिली. भेगेवर बहुतेक कार्यालय आहे.

अनेक वर्षांनी कळलं की उस्ताद आजारी आहेत. गेलो. खाटेवर पडलेले, अंगानं निम्मे झालेले, खांद्यावर तोच चौकटीचा रुमाल किंवा त्याचा भाऊ. भिंतीला एक काठी टेकवलेली, सुतळीची. मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी म्हणालो, "उस्ताद, एक गोष्ट विचारायची राह्यली."

"स्ट्रोक की," ते म्हणाले. डोळेही उघडले नाहीत.

"हां."

"खरात चुकला. दुसऱ्या दिवशी काय केलं त्यानं?"

"मैदानावर आल्ता."

"हसत आल्ता. सगळ्यांना चुकलेलाच स्ट्रोक मारून दाखवत व्हता." मग म्हणाले, "तू चुकला असतास तर? मियाँ, तू जनमभर उगाळत बसला असतास. म्हनून न्हाई दिला."

मी म्हणालो, "न मारता बी जनमभर उगाळलंच की, उस्ताद."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले की खोकला आला, आतून सून पाणी घेऊन धावली. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तो फिर गलती हो गई. मारू द्यायला पायजे होता."

एवढी वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. ऐकलं, आणि त्याचं काय करायचं तेच कळेना. सून पाणी ठेवून गेली. बाहेर टांग्याची घंटा वाजली, उस्तादांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल हळूहळू ओढला, खाटेच्या कडेवर पसरला आणि त्याच्याखाली हात सरकवला.

"अगली साल कितने?"

मी रुमालाखाली हात घातला. त्यांचा हात सापडला, हाडं आणि कातडी, आणि तो मिटलेला होता. बंद मूठ. माझी पाच बोटं सवयीनं वर झाली होती. मी ती खाली आणली, त्या मुठीवर ठेवली आणि तशीच धरून बसलो. उस्ताद वाट बघत होते, मी किती दाबतो त्याची. मी काही दाबलं नाही.

"पक्का?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल पक्का," मी म्हणालो.